फळ्याचा दुसरा रकाना

“भावजी, तात्या गेलं.”

फोन मंगलवहिनींचा. गावच्या वाचनालयाची किल्ली त्यांच्याकडे असते. सकाळचे दहा वाजत आले होते, सांगलीतल्या आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत मी नुकताच येऊन टेकलो होतो, आणि माझ्या तोंडून काय निघावं? “कोण म्हणतं?” बोलून गेलो आणि जीभ चावली. वहिनी रागावल्या नाहीत. एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “मी म्हणतीया. मी सवता बघितलंय. तोंडात पाणी मीच घातलं.” मी म्हटलं, “तात्या गेले. तुम्ही बघितलंत. पाणी तुम्ही घातलंत.” “बराबर,” त्या म्हणाल्या. आणि मग आम्ही दोघंही रडलो...

परक्याला हे बोलणं वेड्यासारखं वाटेल. आमच्या गावाला वाटणार नाही, कारण तात्यांनी गावाला वीस-बावीस वर्षं हेच शिकवलं. तात्या म्हणजे हणमंततात्या, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आमचं गाव कुंडलपासून हाकेच्या अंतरावर. घरटी एक उसात आणि एक फौजेत, अशी आमच्याकडची जुनी वाटणी. तात्या फौजेच्या वाट्याला आले. तिथं ते बिनतारी यंत्रावर निरोप घ्यायचं आणि द्यायचं काम करत. हवालदार होऊन परत आले तेव्हा गावानं त्यांचं नाव सिग्नलतात्या ठेवलं. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. पेन्शन, एक सायकल आणि वाचनालयाच्या भिंतीवरचा काळा फळा, एवढा संसार.

त्या फळ्यावर पूर्वी सुविचार असायचे. तात्यांनी आल्या आल्या ते पुसले आणि तीन रकाने आखले. पहिल्यात बातमी. दुसऱ्यात, कोण म्हणतं. तिसऱ्यात, त्यानं स्वतः बघितलं का. रोज सकाळी वाचनालयातली तीन वर्तमानपत्रं वाचून ते चार-पाच बातम्या खडूनं लिहीत. त्यांचं म्हणणं असं, की फौजेत बोलणाऱ्यानं बोललं म्हणजे निरोप पोचला असं कुणी धरत नाही. ऐकणाऱ्यानं तो परत वाचून दाखवायचा, बोलणाऱ्यानं ‘बरोबर’ म्हणायचं, मग तो पोचला. “एक डाव न्हवतं वाचलं परत,” ते मला एकदाच म्हणाले होते, “सहा माणसं भलत्या नाल्यात उतरली.” पुढं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

गावानं आधी थट्टाच केली. कुणीतरी खडू घेऊन खाली लिहून ठेवलं: पाटलांच्या म्हशीला रेडकू झालं, कोण म्हणतं, पाटील, बघितलं का, म्हशीनं बघितलं. तात्यांनी ते चार दिवस पुसलं नाही. म्हणाले, “ह्या फळ्यावरची ही पैली बातमी, जिच्यात साक्षीदार सवता हजर हाय.” पण हळूहळू माणसं आधी दुसरा आणि तिसरा रकाना वाचायला लागली. परदेशातल्या बातम्यांपुढं तिसऱ्या रकान्यात कायम ‘नाही’ असायचं. आपला कुणी मोठा नेता बाहेरच्या देशात गेला, तिथल्या नेत्याला कडकडून भेटला, आणि टीव्हीवर दिवसभर ती मिठी दाखवली, की तात्या फळ्यासमोर खडू घेऊन नुसते उभे राहायचे. “मिठीचा फोटू हाय. करार कुठं हाय? त्येच्यावर सई कुणाची?” कुणी म्हणालं, तात्या, मैत्री झाली की सगळं आपोआप होतं, तर म्हणायचे, “आपल्यात पाण्याची पाळी मिठी मारून ठरती व्हय रं? भावकीत तोंड बघत न्हाईत, पर पाळीचा कागद असतूय म्हणून पाट वाहतूय.” दोन वर्षांनी तोच मित्रदेश त्याच वाहिनीवर दगाबाज ठरायचा, तेव्हाही ते तेवढ्याच शांतपणे दुसऱ्या रकान्यात वाहिनीचं नाव लिहायचे. सरकारं आली, गेली. ह्या पक्षाची माणसं त्यांना त्या पक्षाचा म्हणत आणि त्या पक्षाची ह्या. ‘सूत्रांनी सांगितले’ असं मी कुठं छापलं, की सकाळी दहाला माझा फोन वाजलाच म्हणून समजायचं. “पान एक, तिसरी बातमी. हे सूत्र म्हंजी कोण रं दिनू? त्येला आई-बाप हायती का?”

एकदा सरहद्दीवर तणाव होता तेव्हाची गोष्ट. वाहिन्यांनी स्टुडिओतच भोंगे वाजवायला सुरुवात केली होती. नकाशे पेटत होते. निवेदक असे ओरडत होते, जणू खंदकातनं नुकतेच वर आलेत. एका वाहिनीनं सांगितलं, शत्रूचं एक मोठं शहर आपल्या ताब्यात. गावात गुलाल उधळला, देवळातली घंटा अर्धा तास थांबेना. तात्यांनी फळ्यावर लिहिलं: ‘शहर ताब्यात. कोण म्हणतं: वाहिनी. सरकार अजून म्हणत नाही. बघितलं का: नाही. थांबा.’ चार पोरं आली आणि फळा पुसून गेली. जाताना त्यांच्यातला एक जण तात्यांना ‘देशद्रोही’ म्हणाला. ज्या माणसानं बर्फात बसून अठरा वर्षं निरोप घेतले, त्याला! तात्यांनी ओल्या फडक्यानं फळा साफ केला आणि तेच परत लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या शहराचं नाव सगळ्या वाहिन्यांवरनं गायब झालं. चुकलो असं एकानंही म्हटलं नाही. पोरंही आली नाहीत. मी चिडलो होतो, तर तात्याच मला म्हणाले, “पोरांचा राग नगं करू. त्यांच्या घरातली माणसं हायती तितं. घाबरल्यालं माणूस पैली गोड बातमी धरतंय.”

हे त्यांचं वाक्य मी इथं मुद्दाम लिहितोय. पुढं ते त्यांच्यावरच आलं. आणि आणलं मी.

तात्यांना एकच बहीण, सोनाआत्या. आष्ट्याला दिलेली. तिचा एकुलता एक सूरज तात्यांच्याच मांडीवर वाढला म्हणायला हरकत नाही. वीजतंत्रीचं शिकून तो परदेशी एका बंदरावर कामाला गेला. देशाचं नाव लिहीत नाही. ते देश बदलत राहतात, बातमी तीच असते. तिथं लढाई पेटली आणि सूरजचा फोन लागेना. आत्या दिवसभर टीव्हीसमोर. धूर दिसला की ती उठून पडद्याला हात लावायची. तात्या आष्ट्याला गेले, टीव्हीची वायर काढली आणि तिला म्हणाले, “ही माणसं काय बी सांगतील, सोने. तू बघू नगंस. खरी बातमी आली की मी सवता यीन. मी सांगितलं तरच खरं धर.” आत्यानं ऐकलं. त्या दिवसापासून ती टीव्ही नाही, दाराकडं बघत बसली.

अकराव्या दिवशी संध्याकाळी सरकारचं पत्रक आलं. आदल्या दिवसापासून वाहिन्यांवर विमानतळच चालू होता. दमलेली, न झोपलेली माणसं उतरत होती, त्यांच्या हातात कुणीतरी झेंडे देत होतं, हारतुरे, घोषणा, आणि मधोमध एक मंत्री. पत्रकात लिहिलं होतं, नोंदणी केलेल्या सर्व भारतीय नागरिकांना सुखरूप मायदेशी आणण्यात आलं आहे. खाली शेवटच्या ओळीत, नोंदणी न केलेल्यांनी संपर्क साधावा. मी दोन्ही वाचलं. खोटं का बोलू, नीट वाचलं. पहिल्या पानाचा मथळा मला करायचा होता. ‘सर्व भारतीय सुखरूप मायदेशी.’ ‘नोंदणी केलेले’ हे शब्द मोठ्या टायपात बसत नव्हते, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण, सगळ्या वाहिन्यांवर ‘सर्व’ असताना माझा मथळा एकट्यानं नाक मुरडलेला दिसला असता. आनंदाच्या दिवशी कोण शिंकणार?

आणि तेवढ्यात तात्यांचा फोन आला. कधी नव्हे तो संध्याकाळी.

“दिनू, सगळी आली म्हणत्यात. कोण म्हणतं?”

“सरकारचं पत्रक आहे, तात्या.”

“तू सवता बघितलंस?”

“समोरच आहे.”

“सगळी म्हंजी सगळी? परत वाच बघू.”

पत्रक माझ्या कोपराखाली होतं. एक ओळ वाचायची होती. मागं पान लावणारा घाई करत होता, मला ह्या म्हाताऱ्याच्या फौजी कवायतीचा कंटाळा आला होता, आणि सूरज आलेला असावा असं मलाही फार वाटत होतं. मी न वाचताच म्हणालो, “होय तात्या, सगळे. मी खात्री केलीय.”

मग ते म्हणाले, “बराबर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी फळ्यावर पहिल्यांदाच एका परदेशातल्या बातमीपुढं, तिसऱ्या रकान्यात ‘होय’ लिहिलं. आमचं वर्तमानपत्र पिशवीत घातलं, पेढे घेतले आणि ते आष्ट्याला गेले. ते दारात दिसले तेव्हाच आत्यानं काय ते ओळखलं. दारात रांगोळी पडली, पुरण शिजलं, गल्लीत पोळ्या वाटल्या गेल्या. तात्यांनी दोन घास जास्त खाल्ले, असं नंतर कुणीतरी मला सांगितलं... दोन दिवस सगळे सूरजच्या फोनची वाट बघत होते. विमान उतरलं असेल, दिल्लीत तपासणी असेल, फोनची बॅटरी संपली असेल. तिसऱ्या दिवशी त्याच्या एका सोबत्याचा फोन आला. बंदरावर बॉम्ब पडला त्यात सूरज गेला होता. मी मथळा केला त्याच्याही चार दिवस आधी.

पेटी तीन आठवड्यांनी आली. उघडू नका, असं सांगून दिली. आष्ट्याच्या चौकात रातोरात फ्लेक्स लागला: सूरजचा फोटो छोटा, भोवती आठ पुढाऱ्यांचे मोठे, खाली ‘वीरपुत्र’. पोटासाठी केबल ओढायला गेलेल्या पोराला त्यांनी एका दिवसात वीर करून टाकलं, म्हणजे तो तिथं का राहिला हे कुणी विचारायला नको. तात्यांनी शिडी मागून आणली आणि तो फ्लेक्स स्वतः उतरवला. एका वाहिनीची बाई आत्याच्या तोंडासमोर माइक धरून विचारत होती, काय वाटतंय. आत्या तिच्याकडं बघत नव्हती, शिडीवरच्या भावाकडं बघत होती. “तू सांगितलंस म्हणून मी पुरण घातलं,” ती म्हणाली. “पोरगं तितं पडल्यालं, आन मी हितं पुरण घातलं.” त्यानंतर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

नंतरच्या आठवड्यात तात्या माझ्या कचेरीत आले. “त्ये पत्रक दे.” मी काढून दिलं. उभ्या उभ्या त्यांनी ते वाचलं. ‘नोंदणी केलेल्या’वर बोट ठेवलं, तसंच ठेवून माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्यांनी कागदाची चौपदरी घडी केली, खिशात घातली आणि निघून गेले. आमच्या कचेरीत मी दुरुस्ती छापायचा विषय काढला. आता त्याचा काय उपयोग, असं वरून उत्तर आलं. मीही फार ताणलं नाही.

तात्यांनी मात्र दुरुस्ती केली. गावात जाऊन फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, खडूनं नाही, पांढऱ्या ऑइल पेंटनं लिहिलं: ‘सर्व भारतीय परत आले ही बातमी खोटी होती. लिहिणारा चुकला.’ तिसऱ्या रकान्यात, बघितलं का: ‘नाही.’ दुसरा रकाना, कोण म्हणतं, त्यांनी रिकामा ठेवला. रोजच्या बातम्या त्याच्या शेजारी येत, पुसल्या जात. ती ओळ तिथंच राहिली.

त्यांनी माझं नाव कुणाला सांगितलं नाही. आत्यालाही नाही. मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त सकाळचा दहाचा फोन बंद झाला. गावी गेलो की भेटायचे, ऊस तुटला का, दाढ दुखते का, असलं काहीबाही विचारायचे. मी काय छापलंय याची चौकशी त्यांनी परत केली नाही, आणि खरं सांगतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दर भाऊबीजेला ते आष्ट्याला जात. आत्या आतून बाहेर येत नसे. तिची जाऊ पायरीवर चहा आणून देई. तात्या तो पीत, कप धुऊन पालथा ठेवत आणि परत येत. अशा पाच भाऊबिजा झाल्या. एक वाक्य बोललो असतो, तर त्यांतली एकही झाली नसती. मला ते वाक्य सापडत नव्हतं असं नाही. ते माझ्याकडं तयारच होतं. माझी गावातली किंमत, पुरवण्यांत छापून येणारं नाव, ‘आमचा दिनू पेपरात आहे’ म्हणणारी माणसं... हे सगळं मला त्या म्हाताऱ्याच्या ओवाळणीपेक्षा मोठं वाटलं.

अग्नी मीच दिला, दुसरं होतं कोण? दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. भावकीनं हात जोडून सगळं कबूल केलं: फळा चालू ठेवू, वाचनालयाला तुमचं नाव देऊ. झाडावर पाच-सहा कावळे बसलेले, एक खाली येईल तर शपथ. शेवटी मी पुढं झालो आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालो, “तात्या, आत्याला मी सांगतो.” मला वाटलं, आता येईल. नाही आला. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. तात्या असते तर म्हणाले असते, कावळ्यानं तरी तुझं का मानावं, तू काय परत वाचून दाखवतोस?

पुढच्या आठवड्यात आष्ट्याला गेलो. आत्या सोप्यात शेंगा फोडत होती. मी सगळं सांगितलं. फोन, पत्रक, कोपर, सगळं. ती फोडत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी त्येनं इचारलं हुतं तुला.”

“व्हय. परत वाच म्हणाले होते.”

“आन कागदात काय हुतं?”

“नोंदणी केलेले सगळे आले, असं.”

“सूरजची नोंद न्हवती. मालकानं पासपोर्ट काढून घितला हुता त्येचा. कशी करनार?” तिनं सूप बाजूला सारलं. “मला वाटायचं, माझ्या भावानं न इचारता सांगितलं. त्येचाच राग हुता रं मला. जगाला इचारतूस, आन माझ्या पोराचं न इचारता सांगितलंस...” ती पायरीकडं बघत होती. “ह्या भाऊबीजेला बोलनार हुते मी. पाट काढून ठिवला हुता. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे, फुडल्या वर्सी.”

तिनं सूप परत पुढ्यात ओढलं.

“तू आता सांगून मोकळा झालास,” ती म्हणाली. “मी कुनाशी बोलू?”

तिनं मला चहा विचारला नाही. पायऱ्या उतरताना कोपऱ्यात पालथा घातलेला कप दिसला. अजून तिथंच होता; कुणी आत नेलेला नव्हता.

तिथनं मी सरळ गावी आलो. वाचनालयात कारभारी मंडळी फळ्याला नवा काळा रंग द्यायच्या बेतात होती. तात्यांच्या स्मरणार्थ सगळं नवं, स्वच्छ करायचं म्हणे. मंगलवहिनी कोपऱ्यातल्या ओळीपुढं आडव्या उभ्या होत्या, “एवढं सोडून द्या रंग” म्हणत. मी पांढऱ्या पेंटचा डबा आणि बारीक ब्रश मागितला. अक्षर तात्यांच्या जवळपासही गेलं नाही. मंडळी मागं उभी राहून बघत होती. रिकाम्या दुसऱ्या रकान्यात मी माझं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली, वर्तमानपत्र, सांगली. मग तिथंच उभा राहून सगळी ओळ मोठ्यानं परत वाचली.

‘बरोबर’ म्हणायला तात्या नव्हते. तिसऱ्या रकान्यातलं ‘नाही’ तात्यांनी पाच वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं.